पूर्ण अंध मुलगा निवासी शाळेत खरंच खेळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा दहा वर्षांचा, जन्मापासून पूर्ण अंध. आत्ताच्या शाळेत खेळाच्या तासाला त्याला वर्गातच बसवून ठेवतात. पुढच्या वर्षी निवासी अंध शाळेत घालायचा विचार आहे. तिथली मुलं खरोखर खेळतात की हातपाय हलवून कवायत करतात आणि खोलीत परततात? थोडंफार दिसणाऱ्या मुलांत हा मागे पडेल का? आणि पडला, लागलं तर?

मी अशाच शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. राहायलाही शाळेच्या आवारातच आहे, त्यामुळे शाळा सुटल्यानंतरची शाळाही रोज बघतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

खेळतात, जोरात खेळतात. पण नुसतं अंध शाळेत नाव घातलं की मूल खेळायला लागतं असं नाही. एखाद्या शाळेत खेळ किती खरा आहे हे मला मैदानापेक्षा वसतिगृहाच्या जिन्यावर लवकर कळतं. मुलं एकेकटी, आपापल्या वेगाने, कुणाचा हात न धरता वरखाली करत असतील तर त्या शाळेत मैदानही चालतं. याउलट पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडीसारखी रांग जेवायला निघालेली दिसली, तर कपाटात कितीही ढाली मांडलेल्या असोत, मला शंका येते. दिवसभर दुसऱ्याच्या हाताने फिरणाऱ्या मुलाला संध्याकाळी ‘आता पळ’ म्हटलं तर तो पळणार कसा? त्याच्या पायांना ती सवयच नसते.

म्हणून पहिले काही आठवडे तुमच्या मुलाचा ‘खेळ’ म्हणजे इमारत पाठ करणं असेल. भिंतीला हाताची मागची बाजू हलकेच लावून चालायचं. मागची बाजू अशासाठी, की कडी-कोयंड्यात, खिळ्यात बोटं अडकत नाहीत. दुसरा हात कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर आडवा. फरशी कुठे बदलते, कुठल्या खिडकीतून वारा लागतो, भांड्यांचा आवाज कुठून येतो, बोळ संपताना पावलांचा आवाज कसा बदलतो, हे सगळं तो गोळा करत जातो. काही मुलं जिभेने टक् टक् आवाज काढतात किंवा टाच आपटत चालतात. ‘असं विचित्र करू नकोस’ म्हणून त्यांना दटावणारे शिक्षक मी पाहिलेत. कृपा करून तुम्ही दटावू नका. आपटून परत येणाऱ्या आवाजावरून ती मुलं भिंत, खांब, उघडं दार ओळखत असतात. पूर्वी खुद्द अनेक अंध माणसांना वाटायचं की समोरचा अडथळा आपल्याला चेहऱ्याच्या कातडीवर जाणवतो. 1944 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासलं. चेहरा झाकला तरी माणसं भिंतीच्या अलीकडे थांबत होती. कान बंद केले की भिंतीवर जाऊन आदळत होती.

वसतिगृहाचे काही नियम बाहेरच्याला क्षुल्लक वाटतील. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नाही. अर्धवट उघड्या दाराची कड चालणाऱ्याच्या दोन हातांमधून बरोबर कपाळावर येते. उठताना खुर्ची टेबलाखाली सरकवायची. बोळात दप्तर टाकायचं नाही. डावीकडून चालायचं आणि वळणावर चुटकी वाजवायची किंवा काहीतरी गुणगुणायचं. हे नियम मोठी मुलं धाकट्यांकडून जितक्या कडकपणे पाळून घेतात तितके आम्हा शिक्षकांनाही जमत नाहीत. आमच्याकडे ज्या जखमा होतात त्यातल्या बहुतेक मैदानातल्या नसतात. कुणीतरी हलवलेलं बाक, भिंतीला टेकवलेली शिडी, मध्येच ठेवलेली बादली यांच्या त्या असतात. तेव्हा ‘पडला तर’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे: पडेल. नडगीवर, कपाळावर खुणा असतील. पण त्या टाळण्यासाठी त्याला बसवून ठेवू नका, बादली उचला.

खोड्या सगळीकडे असतात तशा इथेही. चप्पल लपवणं ही डोळस मुलांत गंमत असते. इथे पांढरी काठी किंवा चप्पल जागची हलवणं म्हणजे समोरच्याला अडकवून ठेवणं. चांगले वॉर्डन यावर कडक असतात आणि बाकीच्या दंग्याकडे कानाडोळा करतात. दिवे मालवल्यावर पांघरुणाखाली ब्रेल वाचणाऱ्याला पकडणं तर कुणालाच जमलेलं नाही.

झोपेबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो, कारण पालकांना हे सहसा कुणी सांगत नाही. डोळ्यांतून आत जाणाऱ्या उजेडामुळे शरीराचं घड्याळ रोज दिवसाशी जुळवून घेतं. ज्यांना उजेडाची जाणीवच नाही अशांपैकी अनेकांचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं आणि रोज थोडं पुढे सरकतं. परिणाम असा, की मूल काही आठवडे छान झोपतं, मग काही आठवडे रात्री टक्क जागं आणि दिवसा वर्गात पेंगुळलेलं. अशा मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो, सकाळच्या धावण्याला दांडी मारतो म्हणून शिक्षाही होते. उठण्याची, जेवण्याची आणि व्यायामाची वेळ रोज तीच ठेवली तर बऱ्याच जणांना फरक पडतो. तरी चक्र चालूच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, यावर उपचार आहेत. तुमच्या मुलाला उजेड-अंधार कळतो का आणि त्याची झोप कशी आहे, हे प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवा.

आता पळण्याकडे येतो.

जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाने दुसऱ्या कुणाला पळताना पाहिलेलं नसतं. पळताना हात हलतात हेही त्याला ठाऊक नसतं. तो पळायला लागतो तेव्हा शरीर मागे झुकलेलं, पाय फाकलेले, पाऊल सपाट पडतं आणि हात एकतर अंगाला चिकटलेले किंवा पुढे पसरलेले. बघणाऱ्याला वाटतं पाय कमजोर आहेत. पाय ठीक असतात. कुठल्याही क्षणी काहीतरी आदळेल म्हणून शरीर आधीच ब्रेक दाबून बसलेलं असतं. तो ब्रेक सुटेपर्यंत ‘जोरात, जोरात’ ओरडण्यात काही अर्थ नाही.

मी हातांपासून सुरू करतो. मूल माझ्या मागे उभं राहून माझ्या दंडांवर हात ठेवतं आणि मी जागच्या जागी पळण्याचे हात करतो. आधी विचारून, मगच मी त्याचे हात धरतो. शाळेत कुणीही न सांगता मुलाच्या अंगाला हात लावत असेल, अगदी शिकवण्यासाठी, तर ते चूक आहे, आणि मुलालाही ते चूक आहे हे शिकवलेलं असलं पाहिजे. मग दोन काठ्या घेतो. पुढचं टोक माझ्या हातात, मागचं त्याच्या, आणि दोघं एकामागे एक चालतो. माझे हात हलले की काठ्यांमुळे त्याचेही आपोआप हलतात. काही दिवसांत चालण्याचं भरभर चालणं होतं. मग थोड्या चढावर पळतो, कारण चढावर अंग मागे टाकून पळताच येत नाही.

त्यानंतर दोर. मैदानाच्या एका बाजूला कमरेच्या उंचीवर दोर ताणून बांधलेला असतो आणि त्यात प्लॅस्टिकच्या नळीचा एक तुकडा सरकता. मूल नळी धरून पळतं. नुसता दोर धरला तर तळहात सोलवटतो. टोकाच्या काही मीटर अलीकडे एक गाठ मारलेली असते, नळी गाठीला लागली की थांबायचं. या दोरावर मूल आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही सोबतीशिवाय पूर्ण वेगात पळतं. एकदा पळालं की तास संपला तरी दोर सोडत नाही, पाठीमागे रांग ओरडत असते.

शेवटी मोकळं मैदान आणि हाक. मी टोकाला उभा राहून एकाच सुरात हाक मारत राहतो आणि मूल आवाजाच्या रोखाने येतं. यातली मेख अशी, की हाक मारणारा अंतिम रेषेवर उभा नको, तिच्यापलीकडे बराच मागे हवा. नाहीतर मूल माणसाला धडकू नये म्हणून रेषेच्या आधीच पाय आखडतं. न दिसता सरळ पळणं कुणालाच जमत नाही, प्रत्येक जण डावीकडे किंवा उजवीकडे सरकत जातो, आणि प्रत्येकाची सरकायची बाजू बहुधा ठरलेली असते. ती त्याची त्याला कळली की निम्मं काम झालं.

स्पर्धेच्या पातळीवर हे कसं चालतं तेही जाणून घ्या, म्हणजे पुढे काय काय आहे हे तुमच्या मुलाला सांगता येईल. धावण्यात दृष्टीप्रमाणे तीन गट असतात: टी-11, टी-12, टी-13; आकडा वाढतो तशी दृष्टी जास्त. टी-11 मध्ये जवळजवळ काहीच न दिसणारे. त्या सगळ्यांना डोळ्यांवर काळी पट्टी बांधावी लागते, म्हणजे उजेडाचा एखादा कवडसा दिसणाऱ्यालाही फायदा मिळत नाही. धावपटू आणि गाइड (सोबत पळणारा वाटाड्या) यांच्या हातात एक छोटी, न ताणणारी दोरी असते. शंभर मीटरला जोडीला दोन पट्टे (लेन) मिळतात, म्हणून आठ पट्ट्यांच्या ट्रॅकवर चारच धावपटू. गाइडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि अंतिम रेषा धावपटूच्या आधी ओलांडायची नाही. दोरी हा किती गंभीर मामला आहे हे 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दिसलं. मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती. रेषेच्या अगदी जवळ तिच्या गाइडच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली, आणि ती बाद ठरली. नियम म्हणून निर्णय बरोबर होता, तरी मला अजून पटलेला नाही.

लांब उडीत टी-11 आणि टी-12 साठी फळीऐवजी एक मीटर लांबीची चौकट असते. त्यावर भुकटी पसरतात, पाय जिथे उमटला तिथून उडी मोजतात. खड्ड्याच्या रोखाने उभा राहून एक जण टाळ्या वाजवतो, हाका मारतो. आमची मुलं पावलं मोजून धावतात आणि पावलं चुकली की उडी न मारता खड्ड्यातून सरळ पळत निघून जातात, मग त्यावर दिवसभर हसणं चालतं.

थोडं दिसणाऱ्या मुलांत तो मागे पडेल का, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. डोळस लोकांना अंध शाळा म्हणजे सगळे सारखे वाटतात. प्रत्यक्षात दृष्टीच्या मापावर आतमध्ये एक उतरंड तयार होते. ज्याला जास्त दिसतं तो पुढारी. तोच चेंडू आणतो, तोच संघ निवडतो, पूर्ण अंध मुलाला ‘तू इथे उभा राहा’ म्हणतो. शिक्षकांनाही ते सोयीचं असतं, कारण अशी दोन मुलं असली की वर्ग सांभाळला जातो. लक्ष ठेवलं नाही तर पूर्ण अंध मूल दहा वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून शाळा संपवतं.

यावर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं औषध गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1946 मध्ये हा खेळ तयार झाला, 1976 च्या टोरांटो पॅरालिम्पिकपासून तो पदकांचा खेळ आहे आणि 1984 पासून महिलाही त्यात आहेत. (मुलींच्या वसतिगृहात खेळ पहिला आखडतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.) मैदान 18 मीटर लांब, 9 मीटर रुंद. गोल पूर्ण रुंदीचा, म्हणजे 9 मीटर, उंची 1.3 मीटर. एका बाजूला तीन खेळाडू. चेंडू सव्वा किलोचा, आत घुंगरं. रेषांखाली सुतळी घालून वर चिकटपट्टी लावलेली, म्हणजे हाताने आणि पायाने रेषा लागते. चेंडू जमिनीवरून सरपटत फेकायचा, समोरच्या तिघांनी आडवं पडून अंगाने अडवायचा. आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, कुणाला किती का दिसेना. खेळ चालू असताना परवानगीशिवाय पट्टीला हात लावला तरी पेनल्टी.

पहिल्या दिवशी बघण्यासारखं असतं. बोळात ऐटीत फिरणारा अल्पदृष्टी मुलगा पट्टी बांधल्याबरोबर चार पायांवर रेषा चाचपडायला लागतो. आणि ज्याला तो कडेला उभा करायचा, तो मध्यभागी शांतपणे गुडघ्यावर बसलेला असतो, मान किंचित तिरकी करून. समोरच्याच्या बुटाचा करकर आवाज कुठून आला, चेंडू या हातातून त्या हातात कसा गेला, हे त्याला आधीच कळलेलं असतं. चेंडू सुटायच्या आत त्याचं अंग त्या बाजूला झुकतं. ऐकण्यात तो इतरांपेक्षा अनेक वर्षं पुढे आहे, हे मैदानावरच्या सगळ्यांना त्या दिवशी समजतं. प्रेक्षकांनी चिडीचूप बसावं लागतं, गोल झाल्यावरच ओरडायचं. साठ मुलांनी श्वास रोखून बसणं आणि मग एकदम छप्पर उडवणं, यासाठी तरी एकदा येऊन बघा.

दुसऱ्या बाजूने अल्पदृष्टी मुलांवरही अन्याय होतो, तोही सांगतो. रेटिनायटिस पिग्मेंटोसा असलेलं मूल दिवसा चेंडू झेलतं आणि दिवेलागणीला त्याच जिन्यावर अडखळतं. सोबती म्हणतात, नाटक करतो. नाटक नसतं, त्या आजारात कमी उजेडात दिसणं आधी जातं आणि बाजूचं दिसणं आकसत जातं. अल्बिनिझम (कातडी आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी) असलेल्या मुलाला भर दुपारी मैदानात काढलं तर त्याचे डोळे दिपतात, कातडी भाजते. त्याला टोपी आणि सकाळची वेळ हवी.

बाकी खेळ भराभर सांगतो. ब्लाइंड फुटबॉल 2004 च्या अथेन्सपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. चेंडूत खुळखुळा, गोलकीपर डोळस, आणि चेंडूकडे जाणाऱ्याने ‘वॉय’ असा आवाज द्यायचा, म्हणजे टक्कर टळते. ज्युदोत दोघं एकमेकांचा पोशाख धरूनच सुरुवात करतात, पुढे फरक जवळजवळ नाही. पोहण्यात भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने पाठीवर टपली मारतो. शाळेत तलाव असेल तर पोहणं आधी शिकवा म्हणा, पाण्यात आदळण्याची भीती कमी असते आणि अंग लवकर मोकळं होतं.

अंध मुलांना पळवणं हे आजकालचं खूळ आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. लंडनमध्ये 1872 साली अंधांसाठी सुरू झालेल्या रॉयल नॉर्मल कॉलेजचे प्रमुख फ्रान्सिस कँपबेल स्वतः अंध होते. विद्यार्थ्यांच्या व्यायामावर त्यांचा अतोनात भर, आणि 1880 मध्ये ते स्वतः आल्प्समधलं माँ ब्लाँ शिखर चढून आले. अमेरिकेत 1907 मध्ये ओव्हरब्रुक आणि बाल्टिमोर इथल्या दोन अंध शाळांनी आपापल्याच मैदानावर शर्यती घेतल्या आणि निकाल एकमेकांना कळवून विजेता ठरवला. प्रवास न करता सामना! दुसरी अंध शाळा दूर असेल तर आजही हे करता येतं, मुलांना त्यात कमालीची चुरस वाटते.

शाळा बघायला जाल तेव्हा कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचू नका. शाळा सुटल्यानंतरच्या तासाला जा. चेंडू आणायला कोण धावतं ते बघा. गोलबॉलच्या पट्ट्या धुळीत पडल्यात की घामाने मळल्यात ते बघा, मळलेल्या चांगल्या. कडेला किती मुलं उभी आहेत आणि ती रोज तीच असतात का, हे एखाद्या विद्यार्थ्यालाच विचारा. मुलं खरं सांगतात. सुटीच्या दिवशी मैदानाला कुलूप असतं का, हेही विचारा. निवासी शाळेत सुटीचा दिवस फार लांब असतो.

प्रवेशाआधी घरी दोन-तीन गोष्टी सुरू करा. त्याचं मनगट धरून नेणं आजपासून बंद. त्याने तुमच्या कोपराच्या वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून चालायचं, म्हणजे पायरी, उतार, वळण तुमच्या अंगावरूनच त्याला कळतं. खालच्या पायरीवरून उडी मारू द्या, गादीवर कोलांट्या मारू द्या, बुटाची नाडी त्याची त्यालाच बांधू द्या, कितीही वेळ लागो.

आणि नेत्रतज्ज्ञांकडून एक कागद लेखी घेऊन या. त्यावर फक्त आजाराचं नाव नको. डोक्याला हिसका बसणारे, डोकं खाली करण्याचे, श्वास रोखून वजन उचलण्याचे प्रकार चालतील की नाही, हे स्पष्ट हवं. डोळ्यातला पडदा सरकण्याचा धोका असेल किंवा काचबिंदू असेल तर ठरावीक खेळ टाळावे लागतात, आणि टाळले तरी धावणं, पोहणं यांसारखं बरंच काही उरतं. डोळा कृत्रिम असेल तर तेही लिहून घ्या. हा कागद नसला की सावध शिक्षक सरसकट सगळंच बंद करतात. असला की मी पहिल्याच आठवड्यात त्याला दोरावर घेऊ शकतो.